मिलिमीटरभर लांब स्क्रू

एका कसलेल्या नेमबाजाला मी तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, बंदूक ठणठणीत आहे, आता जरा आपल्या हाताकडे बघा." बंदूक ठणठणीत नव्हती. तिच्यावरच्या दुर्बिणीखाली मीच बसवलेले दोन स्क्रू मिलिमीटरभर लांब होते. हे मला तीन वर्षांनी कळलं. तोपर्यंत त्या माणसाने नेमबाजी सोडलेली होती.

दुबईतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला नोकरीतल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती येतीलच, पण हे आधी सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी फुशारकी मारायला लागले की किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल.

मी अठरा वर्षं दुबईत शिकारीच्या सामानाच्या दुकानात होते. हे ऐकलं की करामा भागातल्या हळदीकुंकवाला बायका वाटीतला तिळगूळ तसाच ठेवून माझ्याकडे बघायच्या. त्यांना वाटायचं मी दिवसभर ठो ठो करत असेन. मी आजतागायत एक गोळी झाडलेली नाही. बंदुकीच्या पोटातलं सगळं काम आमचा कारागीर, उस्ताद, करायचा, आतल्या कुलूपबंद खोलीत, पोलिसांचे कागद बघून. माझं टेबल खिडकीपाशी आणि माझं काम बंदुकीच्या पाठीवरचं. म्हणजे दुर्बीण, जिला आम्ही स्कोप म्हणतो, आणि ती धरून ठेवणारे स्क्रू.

पुण्यात आयटीआयला मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झाले, वर्गात एकटी मुलगी. मग जमीन मोजायच्या दुर्बिणी दुरुस्त केल्या, मग लग्न केलं, मग इथे आले आणि मुलगा निखिल शाळेत जाईपर्यंत पोळ्या केल्या. दुकानाचे मॅनेजर शकूरभाई दापोलीकडचे. त्यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "ताई, बंदुकीची भीती वाटते काय?" मी म्हटलं, "बंदुकीची नाही, वाईट बसवलेल्या काचेची वाटते." किती आगाऊ बाई होते बघा. आज ती समोर आली तर मी तिला नोकरीवर ठेवणार नाही. शकूरभाईंनी ठेवली.

कामाची कल्पना यावी म्हणून थोडं सांगते. बंदुकीच्या लोखंडी अंगावर पुढे आणि मागे एकेक पट्टी बसते, तिला बेस म्हणतात. बेसवर दोन कड्या, आणि कड्यांमध्ये स्कोप. हा सगळा डोलारा तांदळाच्या दाण्याएवढ्या स्क्रूंवर उभा असतो आणि गोळी सुटली की त्याला गाढवाने लाथ मारावी तसा धक्का बसतो. स्क्रू केसाएवढा हलला तर दोनशे मीटरवर गोळी वीतभर बाजूला जाते. आमची गिऱ्हाइकं परदेशात, डोंगरात, परवाना काढून शिकारीला जायची. जाण्याआधी इथल्या रेंजवर कागदावर नेम लावून बघायची आणि नेम चुकला की कागद घेऊन माझ्याकडे यायची.

आधी बंदूक रिकामी आहे ना हे तीनदा बघायचं. उस्तादने बघितलं असलं तरी आपण बघायचं. मग कागद. सगळी भोकं एकाच बाजूला गठ्ठ्याने गेली असतील तर स्क्रूचा दोष नाही, नेम लावून द्यायचा राहिलाय. दोन वेगळे गठ्ठे असतील तर काहीतरी इकडून तिकडे उडी मारतंय. आणि वाटाणे सांडल्यासारखी भोकं असतील तर चहा सांगायचा, वेळ लागणार.

मग बोट. एका हाताने स्कोप हळूच ढकलायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट जिथे बेस आणि बंदूक एकमेकांना भेटतात त्या फटीवर ठेवायचं. डोळ्याला दिसत नाही ते हलणं बोटाला कळतं. त्यानंतर स्क्रू. स्क्रू फिरवायची षट्कोनी किल्ली आतल्या आत फिरली तर डोक्यातली खाच झिजली. स्क्रू फिरतो, फिरतो आणि घट्टच होत नाही, तर आटे गेले. सगळं नीट बसलं की स्क्रूच्या डोक्यापासून खालच्या पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. रेघ तुटली की समजायचं स्क्रू सैल होतोय. माझी रेघ मरून रंगाची. दुसरं कोणी नेलपॉलिश वापरत नसल्यामुळे माझं काम शारजापर्यंत ओळखू यायचं, आणि मी त्याचा माज करायचे.

स्क्रूवरून माणूस कळतो, हे माझं त्या वेळचं आवडतं वाक्य होतं. एक सिलिकॉन ओएसिसमधला इंजिनिअर होता. त्याने फर्निचरच्या खोक्यातून आलेल्या किल्लीने सहाच्या सहा स्क्रूंची डोकी गोल करून आणली आणि मलाच विचारलं, "मॅडम, स्क्रू डुप्लिकेट तो नहीं?" मी म्हटलं, "स्क्रू ओरिजिनल आहे, किल्ली कपाटाची आहे." एक जण इतकं पिळून आवळायचा की कड्यांनी स्कोपची नळी चेपली. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. मी त्याला टॉर्कचा पाना दाखवला, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की 'टिक' असा बोलतो आणि पुढे आवळू देत नाही तो. म्हटलं, "घरी पण हाच नियम ठेव, हबीबी." तो पुढची चार वर्षं दर ईदला खजूर पाठवत होता, तेव्हा संसार बरा चालला असावा. आणखी एकाने आटे गेलेल्या भोकात टूथपिक आणि सुपरग्लू भरून आणलं होतं. उस्तादने दोन दिवस मला तोंड दाखवलं नाही, जणू मीच भरलं होतं.

अशा वल्ली खूप. पण खरं सांगायचं तर अठरा वर्षांतलं बहुतेक काम एकसारखं होतं. मान मोडून बसायचं, झिजलेला स्क्रू काढायचा, नवा घालायचा, टिक, रेघ. संध्याकाळी बोटांना तेलाचा वास. डोळ्यांसमोर आटेच आटे. आमचे हे म्हणायचे, "झोपेतसुद्धा तू काहीतरी पिळत असतेस."

अबू सैफ आले तेव्हा मी या कामात सात वर्षं मुरलेली होते. म्हणजे कुणाचं ऐकून घेण्याच्या पलीकडे गेलेली.

अबू सैफ म्हणजे सैफचे वडील, इथे मोठ्या माणसाला मोठ्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. ते मला उम्म निखिल, म्हणजे निखिलची आई, म्हणायचे. फुजैराच्या बाजूच्या डोंगरातले, साठी ओलांडलेले, सडपातळ, बोलायला कमी. तरुणपणी मुंबईहून येणाऱ्या गलबतांवर माल उतरवताना हिंदी शिकलेले. दरवर्षी चार मित्र मिळून परदेशात डोंगरी बकऱ्याच्या शिकारीला जायचे. बंदूक जुनी, वडिलांसारखी सांभाळलेली. त्या वर्षी ते कागद घेऊन आले तर वाटाणे सांडलेले.

मी तपासलं. पुढच्या बेसच्या दोन स्क्रूंपैकी एकाचं डोकं गोल झालं होतं आणि दुसऱ्याचे आटे मरणाला टेकले होते. दोन्ही काढले. आता नवं पाकीट उघडायचं. आणि इथे माझ्यातली सदाशिव पेठ जागी झाली.

माझ्या टेबलावर स्टीलचा मसाल्याचा डबा होता, सात वाट्यांचा. त्यात हळद-तिखटाऐवजी मी जुन्या बंदुकांवरून निघालेले चांगले स्क्रू जमवायचे. चांगला स्क्रू फेकून कसा द्यायचा? पाकीट दुकानाचं, पैसे मालकाचे, तरी पाकिटावरचे दिरहम रुपयांत केल्याशिवाय मला ते फोडवायचं नाही. पुण्याहून येताना हा आजार मी बॅगेतून आणला होता. तर मोहरीच्या वाटीतले दोन स्क्रू घेतले, आटे जुळले, डोकं जुळलं. लांबी नजरेने बघितली. मापायचा व्हर्निअर हाताशी होता, हात लांब केला असता तर मिळाला असता.

पुढच्या बेसखालची भोकं आरपार नसतात, त्यांना तळ असतो. स्क्रू लांब असला की तो बेसला दाबून धरण्याआधीच तळाला जाऊन टेकतो. मग कितीही आवळा, तो तळाशीच भांडत बसतो. पाना 'टिक' म्हणतो. स्क्रू दगडासारखा घट्ट. आणि बेस मात्र त्याच्या डोक्याखाली मोकळा, कागद सरकेल इतका. पाना बोलला, म्हणून मी फटीवर बोट ठेवलंच नाही. रेघ ओढली आणि बंदूक दिली.

आठवड्याने ते परत आले. तेच वाटाणे. मी कड्या बघितल्या, मागचा बेस बघितला, पुढच्या स्क्रूंना पाना लावला. टिक, टिक. माझी मरून रेघ अखंड. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, शकूरभाई गल्ल्यावर, मला जेवायला उशीर झालेला. तेव्हा मी ते हाताचं वाक्य बोलले. हिंदीत, मोठ्याने आणि हसत.

ते चिडले नाहीत. त्यांनी उजवा हात समोर धरला आणि बघत राहिले. मग म्हणाले, "हो सकता है." बंदूक पेटीत ठेवून, सलाम करून गेले. मी डबा उघडला आणि जेवले. भेंडीची भाजी होती. हे लक्षात आहे याची मला लाज वाटते.

त्यानंतर ते आले नाहीत. मी एकदा शकूरभाईंना म्हटलंही, "अबू सैफ दिसत नाहीत." ते म्हणाले, "दुसऱ्या दुकानात जात असतील." मी मान डोलावली. दुसऱ्या दुकानात नेलपॉलिशची रेघ नसते, इतकंच माझ्या मनात आलं.

तीन वर्षांनी ती बंदूक घेऊन त्यांचा मुलगा आला. सैफ, पस्तिशीचा, सरकारी खात्यात साहेब, इंग्रजीत बोलणारा. बंदूक आता रीतसर त्याच्या नावावर झालेली. म्हणाला, "वडील आता नेम लावत नाहीत. त्यांचा हात गेला. मी लावून बघितला तर माझ्याही गोळ्या पसरतात. काच जुनी झालीय, नवी बसवा."

मी स्कोप उतरवला. आता बेस उघडा पडला होता. सवयीने, कसलाही संशय नसताना, मी पुढच्या फटीवर बोट ठेवून दुसऱ्या हाताने बेस ढकलला.

हलला.

आधी मला माझ्या बोटाचाच राग आला. मग रेघ बघितली. मरून रेघ जशीच्या तशी होती, कुठे चीरसुद्धा नाही. बरोबरच होतं. स्क्रू फिरलाच नव्हता, त्याच्याखालची पट्टी केसभर हलत होती, आणि तेवढं नेलपॉलिश सोसतं. दोन्ही स्क्रू बाहेर काढले. टोकं चेपून आरशासारखी चमकत होती, तळावर दाबून दाबून. व्हर्निअर लावला. मिलिमीटरभर. मोहरीची वाटी काढून तिच्यातला एक मोजला. तोही तेवढाच.

मी नवं पाकीट फोडलं. दोन स्क्रू बसवले, आणि या वेळी आधी बोट, मग पाना, मग पुन्हा बोट. सैफ समोर मोबाइल बघत बसला होता. मी त्याला म्हटलं, "काच चांगली आहे, बदलू नका. स्क्रू चुकीचे होते, ते बदललेत." तो म्हणाला, "खलास? इतकंच?" मी म्हटलं, "इतकंच." चुकीचे स्क्रू कोणी घातले हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जाताना रीतीप्रमाणे म्हणाला, "बाबा मजलिसमध्ये असतात, या कधी घरी." मजलिस म्हणजे घरातली पाहुण्यांची बैठक. आठवड्याने त्याच्या कागदाचा फोटो आला, शकूरभाईंच्या फोनवर. पाच भोकं एका रुपयाखाली झाकली जातील अशी.

दुकान रिकामं झाल्यावर मी शकूरभाईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, अबू सैफना घरी जाऊन सांगते. त्यांनी चष्मा काढला.

"ताई, तुमाला कोणी विचारलंय काय?"

"नाही."

"बंदूक सरळ झाली काय?"

"झाली."

"मग कशाला जाताव? म्हातारा माणूस, तीन वर्षं झाली. त्याला आता काय सांगायचं, तू उगाच घरी बसलास? ते त्याला बरं वाटेल काय?"

त्यांचं खोटं नव्हतं. मी सव्वा महिना गेले नाही. रोज मान घालून काम केलं. प्रत्येक बंदुकीचा पुढचा बेस उघडून मापून बघितला, ज्यांची काही तक्रार नव्हती त्यांचासुद्धा. उस्ताद मला बाजी, म्हणजे ताई म्हणायचा; तो म्हणाला, "बाजी, तबियत ठीक है?" मोहरीच्या वाटीतले स्क्रू मी कचऱ्यात टाकले आणि वाटी घासून ठेवली. थकवा काही गेला नाही. कामाचा थकवा झोपेने जातो, हा झोपून उठलं की ताजा असायचा.

शेवटी एका शुक्रवारी यांना म्हटलं, गाडी काढा. रस्त्यात यांनी विचारलं, "नक्की काय बोलणार आहेस?" मी म्हटलं, "ठरलेलं नाही." "मग मला आधी सांगून बघ." मी सांगून बघितलं. हे म्हणाले, "पहिलं वाक्य काढून टाक. त्यात तू स्वतःलाच माफ करतेयस." माझ्या नवऱ्याने आयुष्यात मला दिलेला तो एकमेव कामाचा सल्ला, पण होता.

अबू सैफ मजलिसमध्ये भिंतीला टेकून बसले होते. बारीक झाले होते. मला बघून उठले, माझ्या निखिलची चौकशी केली, यांना शेजारी बसवलं. केरळचा एक माणूस कॉफीची सुरई आणि छोटे पेले घेऊन आला आणि ओतायला लागला. इतकी वर्षं इथे राहून मला एवढं ठाऊक होतं की पाहुण्याला पहिला पेला यजमान किंवा त्याचा मुलगा आपल्या हाताने देतो. म्हातारा माणूस तर हा मान सोडत नाही. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "तीन साल से मैं नहीं डालता. मेहमान के कपड़े पर गिर जाए तो अच्छा नहीं."

मी पेला खाली ठेवला. मला वाटत होतं, मी त्यांची फक्त शिकार बंद केली. हे मला माहीतच नव्हतं.

मी पर्समधून तो स्क्रू काढला. दोनांपैकी एक मी ठेवला होता. चटईवर त्याच्याशेजारी बरोबर मापाचा ठेवला. पहिलं वाक्य गाळून बाकीचं सांगितलं. भोकाला तळ असतो, हा तळाला टेकला, बेस मोकळा राहिला, पाना खोटं बोलला नाही पण मी त्याचं अर्धंच ऐकलं. तुमचा हात बरोबर होता. सैफच्या हातातसुद्धा बंदूक तशीच पसरली. आता स्क्रू बदलल्यावर सरळ मारते.

त्यांनी दोन्ही स्क्रू उचलून डोळ्यांजवळ नेले. चेपलेल्या टोकावरून नख फिरवलं. यांनी घसा खाकरला, मी यांना कोपराने ढोसलं.

मग अबू सैफनी त्या माणसाकडे हात केला आणि सुरई मागितली. तो गोंधळला, पण त्याने दिली. त्यांनी डाव्या हातात सुरई धरली, उजव्यात पेला, रीत आहे तशी, आणि ओतायला घेतलं. धार पेल्याच्या काठावर लागली. दोन-तीन थेंब माझ्या ओढणीवर पडले. त्यांनी सुरई खाली ठेवली आणि हात बघितला. मी बघितलं ते खोटं नव्हतं. तो थरथरत होता, बारीक, पण थरथरत होता. तीन वर्षांत म्हातारपण यायचं ते आलं होतं.

मी पेला घेतला आणि प्यायले. पुन्हा माफी मागितली. त्यांनी हाताने नको म्हटलं.

माझी नात ईरा परवा हे वाचून म्हणाली, "आजी, दॅट्स सो सॅड, व्हाय डोन्ट यू राइट समथिंग फनी?" तिला फर्निचरच्या किल्लीवाला आवडला. मला आता डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घराच्या गॅलरीत बसून बाकीचं फारसं काही आठवत नाही, वल्ली एकमेकांत मिसळतात. मात्र त्या दिवशी आम्ही निघायला उठलो तेव्हा बाहेर सैफची गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. अबू सैफनी तो ऐकला. त्यांनी लांब स्क्रू माझ्या तळहातावर परत ठेवला, माझी बोटं त्यावर मिटली आणि जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते:

"हाथ अभी हिलता है, उम्म निखिल. वो टाइम नहीं हिलता था. जाने से पहले ये बात मेरे बेटे को भी बोलो."